सिंहगड ५२ मिनिटांवरून परत १ तास १८ वर. हे चढउतार तुम्ही कसे पचवता?

मीनल_क | ११ जानेवारी, रात्री ९:४०

बरेच दिवस लिहू की नको करत होते, आज लिहूनच टाकते. मी ४४ वर्षांची, राहायला धायरीला. गेली साडेतीन वर्षं जवळपास दर रविवारी आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढते. पहिल्यांदा गेले तेव्हा १ तास ३५ मिनिटं लागली होती, मग हळूहळू १:२०, १:०८, मग एक तासाच्या आत आणि गेल्या मे महिन्यात ५२ मिनिटं. ज्यांना ती वाट माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, अंतर तीन किमीच्या आतच आहे पण चढ साधारण सहाशे मीटरचा, सपाटी म्हणून जवळपास नाहीच. पायथ्याला घड्याळ सुरू करायचं, वर गडाच्या पुणे दरवाजात बंद करायचं आणि घरी आल्यावर वहीत लिहायचं, असा माझा नेम.

ऑगस्टमध्ये चिकनगुनिया झाला. ताप चार दिवसांत गेला पण सांधे काही सोडेनात. सकाळी ब्रश धरता यायचा नाही, पोळी लाटताना मनगटातून कळ यायची, दिवाळीपर्यंत जिना कठड्याला धरून उतरत होते. नोव्हेंबरात पर्वतीपासून सुरुवात केली, त्या १०३ पायऱ्या, मध्ये दोनदा बसून. डिसेंबरात परत गड. पहिला १:३१. मग १:२४, १:१९, १:१५. म्हटलं चला, येतंय परत. आणि आज १:१८. मागच्या रविवारपेक्षा तीन मिनिटं जास्त. झोप तीच, खाणं तेच, काही म्हणजे काही वेगळं केलं नव्हतं.

वर पिठलं-भाकरी समोर आली आणि मला रडूच फुटलं. नवरा म्हणाला, अगं तीन मिनिटांसाठी? तीन मिनिटांसाठी नाही हो, साडेतीन वर्षं पै पै करून जमवलं आणि कोणी न विचारता खर्च करून टाकलं असं वाटलं.

सगळे म्हणतात स्वीकार. मला विचारायचंय, स्वीकारायचं म्हणजे नक्की करायचं काय? तुमच्या बाबतीत असं झालं तेव्हा तुम्ही काय केलंत? सुविचार नकोत, खरं काय केलंत ते सांगा.

वाचनमात्र | ११ जानेवारी, रात्री ९:५८

वाचतेय. प्रश्न माझाही आहे.

यवतेश्वर | ११ जानेवारी, रात्री १०:३०

मीनलताई, तुमचं वाचून अंगावर काटा आला कारण सेम टू सेम. मी साताऱ्याचा, आमच्याकडची हिल हाफ मॅरेथॉन धावतो, गावातून यवतेश्वरचा घाट चढायचा आणि तोच उतरून परत, २१ किमी. पहिल्या वर्षी २:३४, दुसऱ्या वर्षी २:१९, तिसऱ्या वर्षी २:०८. चौथ्या वर्षी मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की यंदा दोन तासांच्या आत. प्रॅक्टिस पण आधीपेक्षा जास्त केली होती, आठवड्याला साठ-सत्तर किमी. आणि वेळ आली २:२७. घाट चढताना पाय म्हणजे ओल्या पोत्यासारखे, धुकं, भुरभुर पाऊस, शेजारून लोक पुढं चाललेत आणि मी चालतोय.

त्यानंतर तीन महिने मी बूट घातले नाहीत. खरं सांगा म्हणालात म्हणून सांगतो, मी हे केलं आणि ते चूक होतं. त्या तीन महिन्यांत जे गेलं ते २:२७ मध्ये गेलेल्यापेक्षा कितीतरी जास्त होतं. नंतर एका जुन्या धावपटूने माझी डायरी बघितली आणि विचारलं, यात विश्रांतीचा आठवडा कुठाय? नव्हताच. सोळा आठवडे नुसता चढता आलेख. तो म्हणाला तू शर्यतीच्या दिवशी अनफिट नव्हतास, दमलेला होतास. या दोन्हीतला फरक मला तेव्हा पहिल्यांदा कळला. गेल्या सप्टेंबरात २:१२. दोन तास अजून झालेले नाहीत.

अनघा_फिजिओ | १२ जानेवारी, सकाळी ७:१५

मीनल, ओपीडीच्या आधी पटकन लिहितेय त्यामुळे विस्कळीत वाटलं तर समजून घे.

आधी तीन मिनिटांबद्दल. १:१५ आणि १:१८ हे माझ्या दृष्टीने एकच आकडे आहेत. रविवारची गर्दी, वाटेवरची माती किती सुटलीये, आदल्या दिवशी किती पाणी प्यायलीस, पाळीच्या आधीचे दिवस आहेत का, रात्रीची झोप, एवढ्यानेच तासाभराच्या चढात चार-पाच मिनिटं सहज इकडची तिकडे होतात. तुझ्या वहीत ५२ च्या आधीचा आणि नंतरचा रविवार बघ बरं काय आहे. मला खात्री आहे तिथेही ५२ नसणार.

आता आजारपणाबद्दल. माणूस आडवा पडला की सगळ्यात आधी काय कमी होतं माहितीये? स्नायू नाही, रक्तातलं पाणी, म्हणजे प्लाझ्मा. दोन आठवड्यांत ते जाणवण्याइतकं उतरतं. मग हृदयाच्या एका ठोक्यात कमी रक्त बाहेर पडतं आणि त्याच चढाला ठोके जास्त लागतात. म्हणून सुट्टीनंतर पहिल्या दिवशी छाती फुटल्यासारखी वाटते. पण हे जसं लवकर जातं तसं लवकर परतही येतं. तुझी १:३१ वरून १:१५ ची जी घसघशीत उडी आहे ना, ती बरीचशी हीच. त्यानंतरचं काम सावकाश असतं, स्नायूंच्या आत, बारीक रक्तवाहिन्यांचं, ते दर रविवारी घड्याळात दिसत नाही. म्हणजे तुझा वेग आता मंदावणारच होता, आज नाही तर पुढच्या रविवारी.

आणि एक गोष्ट कृपा करून ऐक. दम आणि स्नायू आधी परत येतात, स्नायूबंध आणि अस्थिबंध (स्नायू हाडाला आणि हाड हाडाला बांधणारे धागे) मागून येतात, बरेच मागून. छाती म्हणते पळ आणि टाचेच्या मागची शीर म्हणते थांब. आजारातून उठलेले माझे निम्मे पेशंट याच फटीत दुखापत करून घेतात. चिकनगुनियानंतर सांधे महिनोन्महिने कुरकुरू शकतात. ५२ च्या मागे लागून उतरताना उड्या मारत येऊ नकोस.

हिशोबनीस | १२ जानेवारी, सकाळी ११:०२

माझं मत जरा वेगळं आहे, रागावू नका. 'स्वीकारा' हा शब्द मला धोकादायक वाटतो.

मी ४७ चा असताना माझी दहा किमीची वेळ ५४ मिनिटांवरून हळूहळू ६३ वर गेली. आजार नाही, दुखापत नाही. सगळ्यांनी सांगितलं वय झालं, मान्य कर. मी सद्गुणी माणसासारखं मान्य केलं. एक वर्ष मान्य करून बसलो. मग पायाला मुंग्या यायला लागल्या म्हणून रक्त तपासलं तर बी-१२ तळाला गेलेलं. पक्का शाकाहारी, दूधही घेत नव्हतो. इंजेक्शनं घेतली आणि सहा महिन्यांत ५६ वर आलो. ते एक वर्ष मी 'स्वीकारण्यात' घालवलं, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

त्यामुळे मीनलताई, आधी कारण शोधा. हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), व्हिटॅमिन बी-१२ आणि डी, थायरॉइड. सगळं नीट असेल तर मग खुशाल स्वीकारा.

अनघा_फिजिओ | १२ जानेवारी, दुपारी १:४०

@हिशोबनीस, शंभर टक्के सहमत, आणि हे मी लिहायला हवं होतं. फक्त एक भर घालते. एका रविवारची घसरण बघून रक्त तपासायला धावायचं नाही. चार-सहा आठवडे सलग घसरण, जोडीला थकवा, झोप नीट नाही, सकाळी उठल्यावर नाडी नेहमीपेक्षा जलद, असं दिसलं की तपासायचं. मीनल, तुला आजारानंतर तपासणी करून घ्यायला हरकत नाहीच, पाळी सुरू असलेल्या बायकांमध्ये लोहाचा साठा कमी असणं मी रोज बघते.

गडप्रेमी_७ | १२ जानेवारी, दुपारी २:१०

अवांतर: वेळ पुणे दरवाजात का बंद करता? आमच्या ग्रुपमध्ये टीव्ही टॉवरपर्यंत धरतात. दरवाजात थांबलं तर तो गड चढला असं आम्ही धरत नाही.

यवतेश्वर | १२ जानेवारी, दुपारी २:२५

अहो पण दरवाजानंतर भजीवाल्यांतून वाट काढत जायचं, त्याची कसली वेळ मोजता :)

गडप्रेमी_७ | १२ जानेवारी, दुपारी २:३१

भजी उतरताना. चढताना फक्त ताक. नियम आहे.

लोखंडवाली | १२ जानेवारी, रात्री ८:५०

मी ठाण्याची, वय ४८, सहा वर्षं वजनं उचलते. मीनल, तुझं ते पै पै वालं वाक्य वाचून गलबलून आलं गं.

माझी लढाई घड्याळाशी नाही, वजनकाट्याशी होती. रोज सकाळी काट्यावर उभी राहायचे आणि त्यावर दिवस कसा जाणार ते ठरायचं. सोमवारी ६४.२, बुधवारी ६५.९. बुधवारी मी नाश्ता करायचे नाही. मग कोणीतरी नीट समजावून सांगितलं की स्नायूंमध्ये आणि यकृतात जी साखर साठते ती एकटी साठत नाही, एका ग्रॅमला साधारण तीन ग्रॅम पाणी सोबत घेऊन बसते. म्हणजे लग्नात दोन वेळा जेवून आलात तर दुसऱ्या दिवशी किलो-दीड किलो काटा वर, आणि त्यात चरबी जेमतेम. पाळीच्या आधी पाणी धरतं ते वेगळंच. मी ज्याच्यावर रडत होते ते पाणी होतं!

आता मेनोपॉजच्या उंबरठ्यावर तर सगळं अजून वेडंवाकडं चालतं. कधी ८० किलोची डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलायचा प्रकार) फुलासारखी उचलली जाते, कधी ६० ला घाम फुटतो. रात्री तीन वेळा घामाघूम होऊन उठले असेन तर सकाळी ६० हेच माझं ८० असतं. आमच्या ट्रेनरने एक सवय लावली, वॉर्मअपची तीन वजनं उचलून झाल्यावर त्या दिवसाचा आकडा ठरवायचा, घरून ठरवून यायचं नाही. आणि दर चौथ्या-पाचव्या आठवड्याला मुद्दाम हलकं घ्यायचं, आम्ही त्याला डिलोड म्हणतो. सुरुवातीला मला तो आठवडा वाया गेल्यासारखा वाटायचा. आता कळतं की माझे सगळे नवे आकडे त्या हलक्या आठवड्याच्या पुढच्या आठवड्यातच आलेत.

@हिशोबनीस, तुमचा मुद्दा पटला, पण प्रत्येक घसरणीचं कारण सापडेलच असं नाही ना. मी दोन वर्षं कारणंच शोधत होते. ते शोधणं हाच एक आजार झाला होता.

संत्रानगरी | १२ जानेवारी, रात्री १०:१२

नागपूरवाल्याले विचारा चढउतार काय असते ते. डिसेंबरात फुटाळा तलावावर पहाटे पाचला गारठ्यात मी ५:४० च्या पेसनं धावतो, म्हणजे एका किलोमीटरले ५ मिनिटं ४० सेकंद. मे महिन्यात त्याच रस्त्यावर तेच पाय, ६:४५. पहाटे पाचलाही हवा तापलेली राहते, दुपारी ४५ च्या वर जाते. पहिल्या वर्षी वाटलं आपलं काहीतरी बिघडलं. मग समजलं की उन्हाळ्यात बरंचसं रक्त कातडी थंड करायले जाते, पायाले उरते ते उरलेलं. दहा-पंधरा दिवसांत शरीर थोडं सरावते, घाम लवकर सुटायले लागते, पण डिसेंबरचा आकडा मे महिन्यात येत नाही म्हणजे नाही.

आता मी महिन्याची तुलना मागच्या महिन्याशी करतच नाही. यंदाचा मे आणि मागचा मे. ताई, तुमचा ५२ चा रविवार मे मधला आहे म्हणता, म्हणजे पक्क्या सरावातला, पावसाळ्याआधीचा. त्याची तुलना आजाराच्या पाचव्या महिन्याशी कशाले करता?

मीनल_क | १२ जानेवारी, रात्री ११:०५

बाप रे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांना मनापासून धन्यवाद.

अनघाताई, वही काढून बघितली. ५२ च्या आधीचा रविवार ५७, नंतरचा ५६, त्यानंतरचा ५९. आणि मी वर्षभर सगळ्यांना सांगत होते की मी ५२ मध्ये चढते. मी ५२ मध्ये एकदाच चढलेय. हे स्वतःच्या वहीत असून मला दिसलं नव्हतं.

हिशोबनीस, उद्याच रक्त देते. लोखंडवाली, घरून आकडा ठरवून जायचं नाही हे फार आवडलं.

मध्यमपल्ला | १३ जानेवारी, सकाळी ९:२०

अविनाश साबळेचं उदाहरण इथे अजून कोणी कसं दिलं नाही? बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा, तिथला शेतकऱ्याचा मुलगा, सैन्यात गेला आणि ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायची शर्यत) देशाचं नाव केलं.

त्याचे आकडे मला पाठ आहेत कारण मी स्वतः कॉलेजात स्टीपलचेस करायचो. २०१८ साली घोट्याच्या दुखापतीने एशियन गेम्स हुकले. त्याच वर्षी सप्टेंबरात भुवनेश्वरला त्याने ८:२९.८० ची वेळ दिली आणि गोपाळ सैनींचा १९८१ चा राष्ट्रीय विक्रम मोडला. किती फरकाने? एका सेकंदाने. ३७ वर्षांत एक सेकंद! मग २०२२ च्या राष्ट्रकुलात ८:११.२० आणि रौप्य. २०२३ ला हांगझोच्या एशियन गेम्समध्ये ८:१९.५०, म्हणजे स्वतःच्या वेळेपेक्षा आठ सेकंद मागे, आणि सुवर्ण. २०२४ च्या जुलैत पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८:०९.९१, आयुष्यातली सर्वोत्तम वेळ, आणि नंबर सहावा. पुढच्याच महिन्यात त्याच शहरात ऑलिंपिकची फायनल, ८:१४.१८, अकरावा.

हे आकडे नीट बघा. ज्या दिवशी वेळ सगळ्यात चांगली त्या दिवशी पदक नाही, आणि ज्या दिवशी सुवर्ण त्या दिवशी वेळ सर्वोत्तम नाही. २०१८ ते २०२४ मध्ये वीस सेकंद कमावले, पण सरळ रेषेत एकदाही नाही. २०२५ च्या जुलैत मोनॅकोला शर्यतीत पडला, गुडघ्याचं लिगामेंट गेलं, ऑपरेशन झालं. म्हणजे पुन्हा चालण्यापासून सुरुवात. मी त्याच्या परत येण्याची वाट बघतोय, वेळ काहीही येवो.

वाचनमात्र | १३ जानेवारी, सकाळी ९:४५

मध्यमपल्ला, हा प्रतिसाद मी मुलाला वाचून दाखवला. तो शाळेच्या टीममधून बाहेर गेल्यापासून मैदानावर जायचा बंद झालाय. बघू.

तात्या_कोल्हापूर | १३ जानेवारी, दुपारी ४:३०

मुलांनो, मी ६९ वर्षांचा आहे. तरुणपणी चौदा वर्षं तालमीत काढली, जत्रेतल्या कुस्त्या बऱ्याच मारल्या, मोठं नाव झालं नाही. तुमचा धागा नातवाने दाखवला म्हणून टाईप करतोय, चुका पोटात घाला.

आमच्या वेळी घड्याळ नव्हतं, पण चढउतार होतेच. एक दिवस हजार बैठका मारून पोरगं ताजं, दुसऱ्या दिवशी तीनशेला मांड्या थरथर. वस्ताद काय करायचे सांगतो. ज्याचं अंग उतरलंय त्याला त्या दिवशी लढतीला उभंच करायचे नाहीत. हातात फावडं द्यायचे. हौद्यातली लाल माती उकरायची, ढेकळं फोडायची, ताक, तेल, हळद, लिंबू घालून कालवायची. दोन-तीन तास जायचे त्यात. पण तालमीत यायचंच, घरी बसायला परवानगी नाही. आम्हाला ती शिक्षा वाटायची. पन्नाशीनंतर समजलं की अंगाला विश्रांती होती आणि पाय मात्र तालमीबाहेर पडत नव्हता.

एकदा मला कावीळ झाली, दोन महिने गेले. परत आलो तर माझ्याहून लहान पोरगं मला चीत करतंय. मी वस्तादांना म्हणालो, आता कुस्ती सोडतो. ते शेतकरी होते. म्हणाले, उन्हाळ्यात रान नांगरून उघडं टाकतो ना आपण, ते बघून कोण म्हणतंय का शेती बुडली? तापू दे की जरा रान. मला त्या दिवशी फार राग आला होता. पण दुसऱ्या दिवशी गेलो, फावडं घेतलं. लढतीला सव्वा वर्षाने उभा राहिलो.

मीनलबाळ, तुझा रविवार वाईट गेला तर जायचं बंद करू नको. वेळ लावू नको, पण जा. पाण्याची बाटली घेऊन कुणा नवख्याला सोबत कर.

लोखंडवाली | १३ जानेवारी, संध्याकाळी ६:०५

तात्या, तुमच्या वस्तादांचं फावडं म्हणजेच आमचं डिलोड. साष्टांग नमस्कार.

थंडीतला_मराठा | १३ जानेवारी, रात्री ९:३०

मिनियापोलिसहून लिहितोय, बाहेर उणे १८ आहे. इथे नोव्हेंबर ते मार्च ट्रेडमिल, आणि दर एप्रिलला मी बाहेर पडतो तेव्हा पोटऱ्या नव्याने दुखतात. असे अकरा एप्रिल गेले. आता बायको फेब्रुवारीतच तेलाची बाटली काढून ठेवते. संत्रानगरी यांचा यंदाचा मे आणि मागचा मे हा हिशोब मी यंदापासून लावणार.

मांडवीकाठी | १४ जानेवारी, सकाळी ६:५०

सगळ्यांचं वाचलं. चांगलं लिहिताय, पण एक गोष्ट खटकली ती सांगते. तुमची सगळ्यांची गोष्ट परत येण्याची आहे. आजार झाला, परत आलो. बी-१२ सापडलं, परत आलो. जे परत येणार नाही त्याचं काय?

मी ७१ वर्षांची आहे, पणजीला असते. चाळीस वर्षं पोहतेय. पन्नाशीत मी एक किलोमीटर २४ मिनिटांत पोहत होते. साठीत २९. ६६ व्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली आणि त्यानंतर ३८. रक्ताच्या तपासण्या सगळ्या उत्तम. डॉक्टर खूश, मुलं खूश. मी नाही. मी तीन वर्षं तलावावर जाऊन भिंतीवरच्या घड्याळाकडे पाठ करून पोहत होते, कारण ते बघवत नव्हतं. एका संध्याकाळी जुन्या स्पर्धेची प्रमाणपत्रं काढून बसले आणि सगळी फाडून टाकावीत असं वाटलं. फाडली नाहीत.

सत्तराव्या वाढदिवसाला सुनेने नवी कोरी डायरी दिली. तिला काही ठाऊक नव्हतं, सहज दिली. मी त्यात पहिल्या पानावर लिहिलं, वय ७०, एक किमी, ३९ मिनिटं १० सेकंद, विक्रम. आणि तो खराच विक्रम होता, कारण ७० व्या वर्षी मी याआधी कधी पोहलेच नव्हते. मास्टर्सच्या स्पर्धांमध्ये दर पाच वर्षांचा वेगळा गट असतो तो उगीच नाही. आता ३८:२० पर्यंत आलेय. जुन्या वह्या कपाटात आहेत. ती पोहणारी दुसरी कोणीतरी होती, चांगली पोहायची.

मीनल, तू ४४ ची आहेस, तुझं ५२ परत येईलही. पण कधीतरी असा एक रविवार असेल की जो तुझा शेवटचा ५२ होता, आणि तो तेव्हा कळत नाही. मला माझा २४ कुठल्या दिवशी शेवटचा झाला ते आठवत नाही.

मीनल_क | १४ जानेवारी, सकाळी ७:३०

काकू, काय लिहू. ऑफिसला निघायचं होतं, तशीच बसून राहिलेय.

हिशोबनीस | १४ जानेवारी, सकाळी १०:१५

मांडवीकाठी, माझ्या वरच्या प्रतिसादात एक जागा रिकामी होती ती तुम्ही भरलीत. कारण शोधायचंच, पण कधी कधी शोधून झाल्यावर कारण 'वय' हेच निघतं आणि ते कारण खोटं नसतं. मी ५३ चा झालोय. माझा ५४ मिनिटांचा दहा किमी आता येणार नाही हे मी आजवर कुठेच लिहिलं नव्हतं.

अनघा_फिजिओ | १४ जानेवारी, दुपारी १:२०

मांडवीकाठी काकू, नमस्कार. एक माहिती म्हणून सांगते, तिशीनंतर शरीराची प्राणवायू वापरायची कमाल क्षमता दर दहा वर्षांनी साधारण दहा टक्के उतरते, बैठ्या माणसात. जो नेटाने व्यायाम चालू ठेवतो त्याची उतरण बरीच कमी राहते. म्हणजे तुमच्या ३८ ची तुलना तुमच्या २४ शी करायची नाही, न पोहणाऱ्या ७१ वर्षांच्या बाईशी करायची, आणि तिला एक किलोमीटर येणारच नाही.

दिवेघाट | १४ जानेवारी, रात्री ९:०५

थोडं विषयांतर. मी नऊ वर्षं आळंदी ते पंढरपूर पायी जातो. पुणे-सासवडचा टप्पा सगळ्यात लांब, त्यात दिवेघाट. एका वर्षी मी घाट नाचत चढलो. पुढच्या वर्षी टाचेला फोड येऊन घाटाच्या पायथ्याशी बसलो आणि सत्तरीच्या आजी डोक्यावर तुळस घेऊन पुढे गेल्या. दोन्ही वर्षी पंढरपूर त्याच एकादशीला आलं. माझ्यासाठी वर्षाचं मोजमाप तेच, घाट कसा चढलो ते नाही, गेलो की नाही.

रथसप्तमी | १५ जानेवारी, सकाळी ६:१०

दिवेघाट, मीही तेच. रथसप्तमीला दरवर्षी १०८ सूर्यनमस्कार, बावीस वर्षं. कधी ४० मिनिटांत, प्लास्टर काढलेल्या वर्षी भिंतीला हात लावून, दिवसभरात बारा बाराचे नऊ हप्ते. यंदा दहा दिवसांवर आलीये.

यवतेश्वर | १५ जानेवारी, सकाळी ८:००

मला मात्र घड्याळ लागतं हो. दिवेघाट यांचं पटतं पण माझ्या स्वभावात नाही. दोन तासांच्या आत यायचंय म्हणूनच मी पहाटे साडेचारला उठतो. आकडा काढून घेतला तर उठेन की नाही शंका आहे. तेव्हा आकडा सोडा असं सरसकट नको सांगूया.

तात्या_कोल्हापूर | १५ जानेवारी, दुपारी ३:४०

बरोबर आहे तुझं. ईर्षा पाहिजेच. कुस्ती जिंकायचीच असते. फक्त कुठल्या दिवशी फावडं घ्यायचं ते कळलं पाहिजे.

मीनल_क | २२ फेब्रुवारी, दुपारी १२:२०

महिन्याभराने परत आलेय, धागा वर काढते. आधी हिशोब: फेरिटिन कमी निघालं, बाकी सगळं नीट. गोळ्या सुरू आहेत. हिशोबनीस, तुमचे आभार कसे मानू.

१८ जानेवारीला तात्यांचं ऐकून घड्याळ गाडीतच ठेवलं. सोबत ऑफिसातली एक मुलगी होती, आयुष्यात पहिल्यांदा गड चढणारी. तिला दोन तास पाच मिनिटं लागली (तिने मोजलं, मी नाही). मधल्या एका वळणावर तिने विचारलं, ताई तुम्हाला पहिल्यांदा किती त्रास झाला होता? आणि मी सांगताना मला माझा १ तास ३५ चा दिवस आठवला, वर पोचल्यावर मी किती खूश होते तो. १:३५ ला! त्या दिवशी मी फोनवरून आईला कळवलं होतं. तोच आकडा डिसेंबरात १:३१ झाला तर मी वहीत लाल पेनने लिहिला होता.

पुढचे दोन रविवारही घड्याळाशिवाय. वहीत वेळेच्या रकान्यात मी कुठे थांबले तेवढं लिहिलं. पहिल्यांदा सहा ठिकाणी, मग पाच, मग पुन्हा सहा. ८ फेब्रुवारीला घड्याळ लावलं, १:०९. १५ ला १:१३. आज १:०७. पंधरा तारखेला वाईट वाटलं, नाही असं नाही, पण पिठलं गरम असताना खाल्लं.

आणि मांडवीकाठी काकू, मी नवी वही घेतली. पहिल्या पानावर 'आजारानंतर' असं लिहिलंय. त्या वहीतला विक्रम आज सकाळचा आहे. जुनी वही फेकलेली नाही, ५२ वर एक बारीक गोल करून ठेवलाय. यवतेश्वर, तुमच्यासारखीच मलाही ईर्षा आहेच, मे पर्यंत एक तासाच्या आत यायचंय.

मांडवीकाठी | २२ फेब्रुवारी, दुपारी १:०५

वाचलं. काल ३८:५५. आज पाणी गार होतं. तुझी वही बघायला मी पुण्याला येणार आहे एप्रिलात, मला ती पर्वती दाखव, १०३ जमतील.

गडप्रेमी_७ | २२ फेब्रुवारी, दुपारी १:३०

१:०७ दरवाजापर्यंत की टॉवरपर्यंत?

मीनल_क | २२ फेब्रुवारी, दुपारी १:३४

दरवाजापर्यंत! :) काकू, नक्की या. सकाळी सहाला जाऊ, गर्दी नसते.

वाचनमात्र | २२ फेब्रुवारी, रात्री ८:४५

मुलगा गेल्या आठवड्यापासून मैदानावर जायला लागलाय. टीममध्ये नाही, नुसता पळायला. आज विचारत होता साबळे परत कधी धावणार.